गल्लीत चोर कसा तयार करावा

चोर नसलेली गल्ली ही काय गल्ली? बी.ए.ला समाजशास्त्र होतं म्हणून सांगतो: संतांची वस्ती असली तरी तिथं गुन्हा निघणारच, हे दुरखीम नावाचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ 1895 मध्येच लिहून गेलाय. तेव्हा चोर मिळत नसेल तर बनवा.

कॅमेऱ्यातला फोटो ग्रुपवर टाका. मागं आमच्या ग्रुपवर पडला: रात्री 11.40, कानटोपी, हातात पिशवी, 'संशयित इसम, सावध राहा.' एक काका म्हणाले, काठी दारामागं ठेवलीय. इसम मी होतो. पिशवीत आईच्या बीपीच्या गोळ्या. 'अहो, तो मी' असं लिहिलं, तर उत्तर आलं, 'बरं. पण एवढ्या रात्री कानटोपी कशाला?'

पोलिसांना कळवू नका, ते पुरावा मागतात.

इस्त्रीच्या शर्टावर संशय घेऊ नका. सदरलँड नावाच्या समाजशास्त्रज्ञानं 1939 मध्ये अमेरिकेत पांढरपेशा गुन्हेगारीचा विषय काढला. आपल्याकडं त्याला 'ॲडजेस्टमेंट' म्हणतात. गटारीवर पायऱ्या ओढून दोन फूट रस्ता घरात घेतलेले आमचे साहेब ग्रुपचे ॲडमिन आहेत.

चोर म्हणून भंगार गोळा करणारं पोरच बरं पडतं. साहेबांचा मोबाईल दिसेना, तेव्हा एकाला धरलं. तेरा-चौदा वर्षांचं. पोतं उपडं केलं: बाटल्या, मिक्सरचं फुटकं झाकण, एका पायाची चप्पल. मग कानाखाली एक, आणि प्रश्न, 'जात कुठली रे?' मोबाईलच्या तपासात जात! इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा जायला 1952 उजाडलं. आपल्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 मध्येच अशा जमातींना सक्तीनं हजेरी द्यायला लावायची पद्धत बंद केली, ज्यांना जग चोर म्हणत होतं त्या फासेपारध्यांना पदरी कामाला ठेवलं. आणि तुम्ही? 26 जूनला दसरा चौकात हार घालायचा, स्टेटसला 'लोकराजा' ठेवायचं, आणि गल्लीत येऊन पोराची हजेरी घ्यायची?

मोबाईल साहेबांच्याच गाडीच्या डिकीत निघाला. ग्रुपवर 'सापडला, धन्यवाद', खाली जोडलेले हात. कानाखालची कुणी परत घेतली नाही.

लाज वाटायला पाहिजे होती, एकालाही वाटली नाही. मलाही नाही, जिन्यात उभा राहून बघतच होतो की. आठ दिवस झाले, ते पोर बोळात फिरकलेलं नाही. माझ्या जिन्याखाली बाटल्या साठल्यात.