पीपीटी पाठवून द्या

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या वाद पेटलाय. मावसभाऊ बडोद्यात एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. त्याची तक्रार अशी, की मुलं तासाला बसत नाहीत, नुसतं "सर, पीपीटी पाठवून द्या" म्हणतात. आत्या जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेली. तिच्या मते फळा गेला तिथेच शिकवणं गेलं. बाकीच्यांचं म्हणणं, "परदेशात बघा, सगळं स्क्रीनवर!" आणि साक्षीदार म्हणून माझं नाव पुढे करतात. तेव्हा साक्ष देतो.

मी जर्मनीत एका विद्यापीठात काम करतो. इथे गणिताच्या तासाला अजून खडूच चालतो. भिंतभर मोठे फळे, वरखाली सरकणारे. एक भरला की सर तो वर ढकलतात आणि दुसरा खाली ओढतात. सगळे भरले की ओल्या स्पंजने पुसून रबरी पट्टीने पाणी निपटायचं. फळा वाळेपर्यंत कोणी बोलत नाही, आणि नेमकी तेव्हाच मागच्या बाकावरच्याला शंका सुचते. सिद्धता लिहिणाऱ्या हाताच्या वेगानेच डोक्यात उतरते. उलट जीवशास्त्रात पेशीचं विभाजन खडूने काढत बसणं म्हणजे हट्ट झाला. तिथे चित्रफीतच हवी.

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं नाही. तासाभरात ऐंशी स्लाइड्स दामटणारे इथेही भेटतात. शेवटी विद्यार्थी बाकं ठोकून दाद देतात, पण ती रटाळ व्याख्यानालाही मिळते, त्यामुळे त्यावर जाऊ नये.

फरक आहे तो दुसरीकडे. इथे बऱ्याच विषयांची सविस्तर लेखी टिपणं वेगळी मिळतात, पूर्ण वाक्यांत लिहिलेली. त्यामुळे पडद्यावर एखादा आलेख किंवा फोटो पुरतो. आपल्याकडे एकाच फाइलला दोन्ही कामं करावी लागतात: तासाला दाखवायचं आणि परीक्षेला पाठही करायचं. मग स्लाइडवर बारा ओळी येतात, सर त्या वाचतात, मुलं त्या उतरवतात. ऐकू येणारा मजकूर शब्दशः पडद्यावरही असला की समजायला सोपं जात नाही, उलट अडचणच होते, हे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून पुढे आलेलं आहे. मुलांनी फाइल मागितली तर त्यांचं काय चुकलं? तासात त्याहून वेगळं काही नसेल तर यायचं कशाला?

दोन कामं एकाच स्लाइडवर लादली की काय होतं, याचं भीषण उदाहरण म्हणजे कल्पना चावला ज्यात गेली ते कोलंबिया यान. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता. यान वर असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज स्लाइड्सवर मांडला. एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. अगदी तळाला मात्र लिहिलं होतं, की तुकडा 1920 घन इंचांचा, तर ज्या चाचणीवर अंदाज बेतला तिच्यातला 3 घन इंचांचा. म्हणजे 640 पट! 1 फेब्रुवारी 2003 रोजी सातही अंतराळवीर गेले. नासात तांत्रिक अहवालाच्या जागी स्लाइड्स वापरायची सवय पडली आहे, असं चौकशी मंडळाने स्पष्ट लिहिलं. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी तर त्या एका स्लाइडची ओळ न् ओळ सोलून काढली.

बडोद्यात आणखी एक गुंता आहे. स्लाइड इंग्रजी, सरांचं बोलणं गुजराती, मागच्या बाकावरची कुजबुज मराठी. सयाजीरावांच्या काळात 1890 मध्ये त्रिभुवनदास गज्जरांनी कलाभवन उभं केलं ते तांत्रिक शिक्षण लोकांच्या भाषेत देण्यासाठी. त्याच गावात मुलं न कळलेली इंग्रजी ओळ जशीच्या तशी वहीत उतरवतात, हे मला खटकतं.

मावसभावाला म्हटलं, स्लाइडवर फक्त चित्रं ठेव, टिपणं वेगळी दे. तो उखडला. "कॉलेजांचं मूल्यांकन करणारे नॅकवाले आयसीटी, म्हणजे वर्गात संगणक-पडदा किती वापरता, ते विचारतात. आणि टिपणं कधी लिहू, पेपर तपासता तपासता?" त्याचं खरं आहे. पण जर्मनीत ही टिपणं बऱ्याचदा विद्यार्थी नाहीतर सहायक टाइप करतात, प्राध्यापक नंतर तपासतात. एमएस्सीची दोन मुलं या कामाला लावून बघ म्हणालो, त्यांना थोडं मानधन मिळवून दे. ते कोणत्या खात्यातून द्यायचं, यावर आता ग्रुपवर नवा वाद चालू आहे, आणि तो पहिल्यापेक्षा कामाचा आहे.