‘जुने पॅड घातले’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

काल रात्री दुकान बंद करता करता तुमचा रिव्ह्यू वाचला. एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय, ‘सायकल शनिवारी देतो म्हणाले, बुधवारी दिली. २२०० रुपये घेतले आणि जुने पॅड घातले. तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेक धरेना. याच्यापेक्षा पहिले ब्रेक बरे होते.’ खाली पॅडचा, म्हणजे ब्रेक दाबला की डिस्क चिमटीत धरणाऱ्या तुकड्याचा, फोटो टाकलाय.

घाटात ब्रेक धरला नाही, हे वाचून छातीत धस्स झालं. तुम्ही सुखरूप घरी आलात हे महत्त्वाचं. त्या त्रासाबद्दल मनापासून माफी मागतो. उशीर झाला तोही आमच्याकडूनच. नेमका गड्डा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांची यात्रा होती आणि आमचा मिस्त्री घरच्या रिवाजाप्रमाणे नंदीध्वजाला, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्यांच्या मिरवणुकीत असतो. अडुसष्ट लिंगांच्या तेलाभिषेकापासून शोभेच्या दारूपर्यंत तो दुकानात येत नाही, हे सगळ्या पेठेला माहीत आहे. पण तुम्ही नोकरीनिमित्त सोलापुरात नवीन आलात, तुम्हाला ते कसं माहीत असणार? शनिवार बोलायलाच नको होता. ती चूक माझी.

पण ‘जुने पॅड’ हे मला मान्य नाही सर. वडिलांनी तासावर सायकली भाड्याने द्यायच्या काळात हे दुकान टाकलं. एवढ्या वर्षांत काम आवडलं नाही असं म्हणणारे भेटले, महाग म्हणणारे भेटले. जुना माल नवा म्हणून विकला, असं कुणी म्हटलं नव्हतं. आज सकाळी एका बाईंनी मुलाची सायकल टेकवायच्या आधी विचारलं, ‘पॅड नवेच घालता ना?’ त्यांनी तुमचा रिव्ह्यू वाचला होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तुम्ही आलात तेव्हा तक्रार अशी होती की उतारावर दोन्ही लिव्हर मुठीला टेकतात तरी सायकल पळतच राहते. तुमचे ब्रेक केबलचे, तेलाचे नाहीत. दोन्हीकडे १६० मिलीमीटरच्या डिस्क, म्हणजे चाकाच्या मध्यावरच्या चकत्या. चाक काढून तुमच्यासमोरच पॅड दाखवले होते. पत्र्यावरचा थर नखाएवढाही उरला नव्हता. तेव्हा मी तीन गोष्टी सुचवल्या. दोन्हीकडे नवे पॅड, पुढे १८० ची डिस्क आणि ब्रेकच्या केबलचं आऊटर, म्हणजे केबलवरची नळी, बदलून न दबणारं, कडक आऊटर. आऊटर मऊ असलं की हाताचा बराच जोर ते दाबण्यातच जातो, पॅडपर्यंत पोचत नाही. ‘केबल राहू द्या, बजेट नाही,’ असं तुम्ही म्हणालात. मी आग्रह केला नाही.

डिस्क पुढचीच का मोठी केली, हेही तुम्ही रिव्ह्यूत विचारलंय. ब्रेक मारला की बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे खरं थांबवण्याचं काम पुढचा ब्रेक करतो. मागचं चाक लवकर उचलल्यासारखं होऊन घसरतं, तिथे मोठी डिस्क घालून तेवढा उपयोग नाही. आणि डिस्क मोठी म्हणजे पॅड चाकाच्या मध्यापासून लांब धरतो. १६० च्या डिस्कची कड मध्यापासून ८० मिलीमीटरवर, १८० ची ९० वर. तेवढ्याच हाताच्या जोरात साधारण साडेबारा टक्के जास्त पकड, शिवाय डिस्क तापतेही कमी. तुमच्या फोर्कला, म्हणजे पुढच्या चिमट्याला, १८० चालते हे आधी बघूनच बसवली. कॅलिपर, म्हणजे पॅड बसतात तो भाग, वर सरकवायला ॲडॅप्टर लागतो, तो बिलात वेगळा लिहिलाय. दोन जोडी पॅड ७००, डिस्क ८५०, ॲडॅप्टर ३००, मजुरी ३५०. झाले २२००. तुम्ही मेटलचे पॅड मागितले होते. तुमच्या मागच्या डिस्कवर आणि नव्या डिस्कवरही फक्त रेझिन पॅड, म्हणजे मेटलपेक्षा मऊ थराचे, वापरा असं कोरलेलं आहे. त्यावर मेटलचे घातले तर डिस्कच लवकर झिजते. म्हणून रेझिनचे घातले. स्वस्तात उरकायचं म्हणून नाही.

आता फोटोबद्दल. फोटोतला पॅड काळा आणि आरशासारखा चकचकीत आहे. त्यावरून तुम्हाला तो वापरलेला वाटला. पण सर, त्याच फोटोत कडेने बघा, थर किती जाड आहे. चार दिवसांच्या पॅडचा असतो तेवढा भरलेला आहे. तुमचे जुने पॅड मी बिलासोबत त्याच कागदी पिशवीत बांधून दिले होते, नव्या पॅडच्या रिकाम्या पाकिटांसकट. ते शेजारी ठेवून फोटो टाकला असतात तर कुणालाही कळलं असतं.

नवा पॅड चार दिवसांत असा का होतो? शुक्रवारी तुम्ही परत आलात तेव्हा काउंटरवर तुम्हीच सांगितलंत की ब्रेक मारला की किंचाळल्यासारखा आवाज येत होता, म्हणून घरी डिस्कवर स्प्रे मारला. चेनला मारतात तो. रिव्ह्यूत हे वाक्य नाही. त्यावेळी दुकानात आणखी दोघं गिऱ्हाईक उभे होते, म्हणून मी मोठ्याने काही बोललो नाही. तुम्हाला वाईट वाटू नये एवढंच मनात होतं. पण तो स्प्रे म्हणजे तेल. पॅडचा थर सच्छिद्र असतो, तेल पितो. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून साफ होते, पण तेल प्यायलेला पॅड पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. कितीही घासा, तापला की तेल वर येतं, पकड जाते आणि आवाजही वाढतो. रविवारच्या राईडला घाटात तेच झालं असणार. शिवाय उतारावर ब्रेक सतत दाबून धरला तर पॅड आणखी तापतात. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा.

आणि तो पहिला आवाज तरी का आला? नवे पॅड आणि नवी डिस्क बसल्यावर ते आधी घासून बसवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीसच्या वेगाने जायचं, चाक लॉक न करता चालण्याच्या वेगापर्यंत हळू करायचं, सोडायचं. असं वीस-पंचवीस वेळा, पुढच्या ब्रेकने वेगळं, मागच्याने वेगळं. पॅडचा पातळ थर डिस्कभर सारखा बसला की मगच पूर्ण पकड येते. बुधवारी रात्री साडेआठला सायकल हातात देताना मी हे सांगितलं होतं. तुम्ही फोनवर बोलत होतात, मान हलवलीत, निघालात. मी म्हटलं होतं, उद्या सकाळी आमचा मुलगा ती संभाजी तलावाच्या रस्त्यावर फिरवून पॅड बसवून देईल, मग न्या. तुम्हाला रविवारच्या राईडआधी सायकल हवी होती, आधीच चार दिवस उशीर झालेला. मलाही थांबा म्हणायचं तोंड नव्हतं.

लिव्हर पुन्हा थोडा खोल जातो असंही तुम्ही लिहिलंय. केबलच्या साध्या कॅलिपरमध्ये बाहेरचाच पॅड सरकतो, आतला जागेवर असतो. नवा माल थोडा बसला की आतला पॅड ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) डिस्कजवळ आणून घ्यावा लागतो, केबलही थोडी ताणते. ही सेटिंग आम्ही पंधरा दिवसांत फुकट करून देतो, बिलाच्या मागे लिहिलेलं आहे. शुक्रवारी ती करून देतो म्हटलं तर तुम्ही पैसे परत मागितलेत आणि सायकल घेऊन गेलात.

माझंही थोडं चुकलं. रात्रीच्या घाईत घासून न बसवता सायकल द्यायला नको होती. यापुढे ब्रेकच्या कामानंतर सायकल फिरवूनच द्यायची असं ठरवलंय, निदान डिस्क बदलली असेल तेव्हा. आणि डिस्कवर कुठलाही स्प्रे मारू नका अशी चिठ्ठी लिव्हरला बांधू. गड्ड्याच्या दिवसांत काम घ्यायचं की नाही तेही बघू.

तुमच्यासाठी दोन्हीकडचे नवे पॅड माझ्या खरेदीच्या भावात घालून देतो, मजुरी नको. डिस्क पुसून, सेटिंग करून, सकाळी तुमच्यासमोर घासून बसवून देईन. एकच विनंती आहे, तोवर त्या सायकलवर घाट उतरू नका. आणि काम पटलं तर ‘जुने पॅड’ हे दोन शब्द तेवढे काढा. तारा एकच राहिला तरी चालेल.

सोमवार सोडून कधीही या. येताना ती कागदी पिशवी घेऊन या, जुने पॅड आणि पाकिटं असलेली. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून बघू.