"लिनक्सला अपडेट लागत नाही" हे फॉरवर्ड आणि त्यातली गंडवागंडवी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वर्कशॉपांपासून राजारामपुरीतल्या क्लासपर्यंत बऱ्याच जणांनी जुन्या पीसीवर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून घेतलं, चांगलंच केलं. पण त्याच्या पाठोपाठ ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतंय, त्यात लिहिलंय की लिनक्सला व्हायरस येत नाही म्हणून अपडेट लागतच नाही, टर्मिनलमधनं (जिथं कमांड टाईप करायच्या ती खिडकी) अपडेट मारलं की चालू मशीन बिघडतं, २०२४ ला तर अपडेटमधनंच हॅकरचं मागचं दार आलतं, आणि मारायचंच असेल तर "सुडो ॲप्ट अपडेट" मारा, अडकलं तर लॉक फाईल (एकावेळी एकच अपडेट चालावं म्हणून लावलेलं कुलूप) उडवा, विषय संपला.

कुठला संपतोय. एकेक बघू.

व्हायरस येत नाही हे विंडोजच्या मानानं बरंचसं खरं, पण अपडेट काय फक्त व्हायरससाठी असतंय व्हय? जानेवारी २०२२ मधे पोलकिट नावाच्या, कुणाला काय करायची परवानगी ते ठरवणाऱ्या भागात एक भोक सापडलं, पीकेएक्झेक मधलं, त्याला पुढं प्वनकिट नाव पडलं. ते २००९ पासनं तिथंच होतं. साधा युजर, ज्याच्याकडं ॲडमिनचा पासवर्ड नाही, तो त्यातनं थेट रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण मालक, होत होता. ह्यात व्हायरस कुठं आला? आणि उबुंटूनं दुरुस्ती लगेच दिली, पण ज्यानं अपडेटच मारलं नाही त्याचं भोक तसंच राहिलं. क्लासमधे एकाच मशीनवर दहा पोरं बसत असतील तर हे लांबचं प्रकरण नाही.

आता ते मागच्या दाराचं. फॉरवर्डमधला हा एकच मुद्दा असाय ज्याच्यात दम आहे, म्हणून नीट सांगतो. एक्सझेड नावाची, फाईल लहान करायची लायब्ररी (दुसरे प्रोग्रामही वापरतात असा तयार कोड), तिच्या ५.६.० आणि ५.६.१ ह्या दोन व्हर्जनमधे कुणीतरी वर्षानुवर्षं विश्वास कमवून मुद्दाम दार घुसवलं. आंद्रेस फ्रॉइंड ह्या मायक्रोसॉफ्टमधल्या इंजिनिअरला एसएसएच (लांबनं दुसऱ्या मशीनमधे शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, खोदत गेला, आणि २९ मार्च २०२४ ला त्यानं ते जगासमोर मांडलं. अर्ध्या सेकंदावरनं! पण ती व्हर्जन पोचलेली कुठं, तर डेबियन ह्या लिनक्सच्या टेस्टिंगमधे (चाचणीच्या आवृत्तीत) आणि कायम नवंनवं घेणाऱ्या डिस्ट्रोंमधे, म्हणजे लिनक्सच्या प्रकारांमधे. डेबियन स्टेबलला (पक्क्या आवृत्तीला) आणि तोवर रिलीज झालेल्या उबुंटूला ती आलीच नव्हती. म्हणजे एलटीएस (लांब मुदतीच्या सपोर्टची आवृत्ती) वापरून रोज अपडेट मारणाऱ्याला काय झालं? काही नाही. ह्यातनं धडा घ्यायचाच तर "एलटीएस घ्या" असा घ्या.

मशीन बिघडतं म्हणणाऱ्यांना एकच विचारतो, वाय (म्हणजे हो) दाबायच्या आधी वाचता का? टर्मिनल आधी यादी देतंय, खाली सांगतंय की ४२ अपग्रेड, ३ नवीन, ० काढणार, ५ तसेच ठेवले, मग विचारतंय करू का. खिडकीतलं अपडेटरही तेच पॅकेज (प्रोग्रामचा गठ्ठा) त्याच ठिकाणाहून आणतंय, फक्त एवढं उघड दाखवत नाही. साधं "ॲप्ट अपग्रेड" बसलेलं पॅकेज काढत नाही. "फुल-अपग्रेड" काढू शकतंय, तिथं काढणारचा आकडा मोठा दिसला की हात आवरा आणि नावं बघा. बिघडलेल्या बऱ्याच मशिनी बघाल तर कुठल्यातरी व्हिडिओत बघून बाहेरचे पीपीए (उबुंटूच्या अधिकृत यादीबाहेरचे सॉफ्टवेअरचे साठे) कोंबलेले असतात, आणि बोलणी खातंय बिचारं अपडेट.

"ॲप्ट अपडेट मारलं की झालं", हे तर साफ चूक. त्यानं फक्त यादी ताजी होते, मशीनवरचं एकही पॅकेज बदलत नाही. नंतर "सुडो ॲप्ट अपग्रेड" लागतंय. आणि कर्नल (सिस्टीमचा गाभा) बदलला असेल तर रीस्टार्टही लागतंय, नाहीतर नवीन कर्नल डिस्कवर आणि चालतोय जुनाच.

लॉक फाईल मात्र अजिबात उडवू नका. मशीन चालू केल्या केल्या मागं आपोआप सिक्युरिटी अपडेट चालू होतंय, त्यानं लॉक धरलेलं असतंय, आणि नवीन ॲप्ट तर कुठल्या प्रोसेसनं धरलंय ते नावानिशी सांगतंय. थांबा, चहा घ्या. लॉक उडवून दुसरं सुरू केलं तर दोघं एकाच डेटाबेसमधे हात घालतात. आणि मधेच लाईट गेली असेल (आपल्याकडं जातेच) तर "सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए" मारा, अर्धवट राहिलेलं ते पुरं करतंय.

एक गोष्ट फॉरवर्डमधे नाहीच, पण जास्त घातक तीच आहे. अपडेट मारलं, काहीच आलं नाही, म्हणजे सगळं ताजं असं समजू नका. उबुंटू २०.०४ चा साधा सपोर्ट मे २०२५ मधे संपला, म्हणून तिथं नवं काही येतच नाही. घरच्या वापराला पाच मशीनपर्यंत उबुंटू प्रो (जास्त वर्षं सिक्युरिटी अपडेट देणारी सेवा) फुकट आहे, ते जोडा, नाहीतर बॅकअप घेऊन आधी २२.०४ आणि मग २४.०४ वर जावा, मधली पायरी गाळता येत नाही.