‘डिझेल हाय, पाच टन ओढतीच!’ : आधी काट्यावर चला

उन्हाळा लागून विहिरी खरवडल्या की आमच्या बीड-गेवराई पट्ट्यात पाण्याच्या टाक्या फिरू लागतात, आणि त्यांच्यामागोमाग हा मेसेजही. मला तो पहिल्यांदा दाजींनी पाठवला. त्यांच्याकडे पिकअप आहे, मागे दोन हजार लिटरची टाकी बसवलेली दोनचाकी ट्रॉली. मेसेज थोडक्यात असा:

‘पिकअपनं किती ओढायचं ते इंजिन ठरवतं. पासिंगचा, म्हणजे आरसीवरच्या वजनाचा, आकडा फक्त हौद्यातल्या मालासाठी असतो. ट्रॉलीचं वजन ट्रॉलीच्या चाकांवर, गाडीवर नाही. अमेरिकेत डिझेल पिकअप सोळा टन ओढते, आपल्याकडे ट्रॅक्टर दहा टन ओढतो, मग आपली पाच टन सहज ओढेल. स्प्रिंगचे पाटे वाढवा, हुक वेल्डिंग करून घ्या, माल मागे सरकवा म्हणजे हुकवर लोड येत नाही. घाट चढली की समजा ओढते.’

यातली एक गोष्ट खरी आहे आणि तिच्यामुळेच बाकीचं पटतं. सपाट डांबरी रस्त्यावर गाडी आणि ट्रॉली मिळून पाच टन वजन संथ चालतं ठेवायला साधारण 75 किलोचा जोर पुरतो. परभणी-नांदेडकडच्या सपाटीवर कोणतीही धड पिकअप एवढं ओढून दाखवेल. तोच रस्ता शंभर मीटरला पाच मीटर चढू लागला की त्या 75 मध्ये आणखी 250 किलोची भर पडते. म्हणजे जोर चौपटीहून जास्त लागतो, तोही नुसता चढायला. थांबायचं अजून बाकीच आहे.

अमेरिकेचं आधी उरकून घेऊ. सोळा टनांचा आकडा खोटा नाही. रॅम 3500 ही तिकडची पिकअप, 6.7 लिटरचं कमिन्स इंजिन, टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे 1,450 न्यूटन-मीटर. आपल्या अडीच लिटरच्या पिकअपचा टॉर्क 200 च्या आसपास. तिकडची गाडी रिकामीच तीन टनांहून जड, मागे चार चाकं, आणि एवढा भार ओढताना जोड बंपरमागे नसतो, हौद्यात मागच्या एक्सलच्या वर असतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात. शिवाय हा आकडा त्या नावाच्या सगळ्या गाड्यांना लागू नाही, ठरावीक बांधणीच्या एका गाडीला लागू आहे. तिकडे ओढभार ठरवायची एक रीतच आहे, एसएई या अभियंत्यांच्या संस्थेची जे2807. अॅरिझोनात डेव्हिस डॅमजवळ सुमारे 18 किलोमीटरचा चढ आहे. तिथे 38 अंश किंवा त्याहून जास्त उन्हात, एसी पूर्ण सोडून, भरला ट्रेलर घेऊन ठरलेल्या वेगाखाली न येता चढावं लागतं. (38 अंश म्हणजे परभणीत एप्रिलमधला बरा दिवस.) यातली कोणती परीक्षा दाजींच्या गाडीनं दिली, एवढंच मेसेजवाल्याला विचारायचं आहे.

ट्रॅक्टरची तुलनाही अशीच. ट्रॅक्टर ओढतो तो गियरच्या जोरावर आणि मागच्या मोठ्या, जड चाकांच्या पकडीवर. आणि रस्त्यानं जातो किती वेगानं? उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन जाताना मागची मोटरसायकल कंटाळते. वेग तिप्पट झाला की थांबवायची ऊर्जा नऊपट होते. वीसनं चालणारा ट्रॅक्टर आणि साठनं चालणारी पिकअप, दोघांमागे तीच ट्रॉली लावली तरी ते ओझं एकच राहत नाही. आणि ट्रॅक्टरला सगळं झेपतं असंही नाही. गळीत हंगामात चढावर पुढची चाकं उचललेला ट्रॅक्टर पाहिला नाही असा माणूस मराठवाड्यात शोधावा लागेल.

आता ‘ट्रॉलीचं वजन गाडीवर येत नाही’ हे. इथे मला दाजींशी वाद घालायचा नव्हता, म्हणून त्यांना जिनिंगच्या वजनकाट्यावर नेलं. आरसीवर त्यांची गाडी रिकामी 1,700 किलो, एकूण वजनाची मर्यादा 3,000. आम्ही तिघं, मोटर, पाइपांची भेंडोळी, लोखंडी पिंजरा आणि हौद्यात डिझेलचे दोन कॅन, असं सगळं धरून ट्रॉली सोडून गाडी भरली 2,560. मग भरलेली ट्रॉली जोडली आणि फक्त गाडीची चारही चाकं काट्यावर घेतली, ट्रॉलीची खाली ठेवली. काट्यावर आकडा आला 2,860. दाजी म्हणाले, ‘काटा बिघडलाय.’ काटेवाल्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.

हे जास्तीचे 300 किलो म्हणजे ट्रॉलीच्या दांडीनं हुकवर टाकलेला भार. ट्रॉली पाण्यासकट 2,600 किलोची, म्हणजे साडेअकरा टक्के. एवढा भार असायलाच हवा. बंपरमागच्या हुकला जोडलेल्या ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार हुकवर असावा, असा अमेरिकेतला प्रचलित हिशेब आहे. पण तो पासिंगमधून वजा होतो. दाजींच्या गाडीत आता हौद्यात टाकायला 140 किलो उरले. दोन पोती.

एवढ्यावर थांबत नाही. हुक मागच्या एक्सलच्याही मागे असतो. एक्सलपासून हुक 1.2 मीटर आणि पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर धरले, तर 300 किलोचा भार मागच्या एक्सलवर 420 होऊन बसतो आणि पुढची चाकं 120 किलोनं हलकी होतात. पहारीनं दगड उचलतो ना, तीच गोष्ट. स्टिअरिंग हलकं लागतं, ड्रायव्हर म्हणतो ‘काय मस्त चालतीय.’ ती मस्त चालत नाहीये, पुढची चाकं रस्ता सोडायला लागली आहेत.

मग यावर मेसेजचा उपाय: माल मागे सरकवा. संपूर्ण मेसेजमधलं हे सगळ्यात घातक वाक्य. हुकवरचा भार फार कमी झाला की ट्रॉली शेपटीसारखी डोलायचा धोका वाढतो, आणि एकदा लय लागली की गाडीचं मागचं अंग तिच्याबरोबर ओढलं जातं. माल थोडा जास्त ट्रॉलीच्या एक्सलच्या पुढे असावा लागतो. पाण्याच्या टाकीत तर माल सरकवायचंही आपल्या हातात नाही. अर्धी टाकी असली की चढावर पाणी मागे धावतं आणि हुक हलका होतो, ब्रेक मारला की सगळं पुढे येऊन गाडीला ढुशी देतं. टाकीत आडव्या पत्र्याचे कप्पे नसतील तर अर्ध्या टाकीपेक्षा पूर्ण भरलेली टाकी शहाणी, अर्थात ती वजनात बसत असेल तर.

पाट्यांचं काय? दोन पाटे वाढवले की गाडी मागून बसत नाही, एवढंच होतं. एक्सल तोच, बेअरिंग तेच, ब्रेकचे लायनर तेच, टायर तेच. बसणं हा गाडीनं दिलेला इशारा होता, तो बंद केला. ज्या गाड्यांना एलएसपीव्ही आहे त्यांची आणखी एक गंमत. हा व्हॉल्व्ह मागची बाजू किती दबली त्यावरून मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. जास्तीच्या पाट्यांमुळे गाडी उंच राहिली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि नेमक्या भरल्या गाडीत मागचे ब्रेक कमी लागतात. टायरचंही तसंच: मापाच्या शेजारी आकडा असतो, 100 असेल तर त्या टायरवर जास्तीत जास्त 800 किलो, 108 ला 1,000, तेही हवा बरोबर असेल तर. मागच्या दोन टायरांची बेरीज करून एक्सलच्या वजनाशी ताडून बघायला दोन मिनिटं लागतात.

हुकबद्दल एवढंच: चॅसिसच्या दोन्ही पट्ट्यांना बोल्टनं आवळलेला जोड वेगळा आणि बंपरला वेल्डिंग केलेला वेगळा. दाजींचा दुसऱ्या प्रकारचा होता. बनवणाऱ्यानं ‘हत्ती बांधा’ म्हणून सांगितलं होतं.

राहिला घाट. ‘चढली की ओढते.’ चढताना इंजिन हरलं तर गाडी मंदावते, तापते, फार तर बंद पडते. उतरताना हरलं तर? मांजरसुंब्याहून बीडकडे उतरताना एकदा मी दाजींच्या शेजारी बसलो होतो. अर्ध्या घाटात जळक्या लायनरचा वास केबिनमध्ये आला आणि पेडल नेहमीपेक्षा खाली जाऊ लागलं. त्या दिवशी टाकीत पाणी अर्धंच होतं, नशीब.

पाच टनांचा जोडसंच (गाडी आणि ट्रॉली मिळून) 200 मीटर खाली उतरवायचा म्हटला तर जी ऊर्जा मोकळी होते ती जवळपास पावणेतीन युनिट विजेएवढी असते. तेवढ्यात सुमारे 30 लिटर गार पाणी उकळतं. ही सगळी उष्णता कुठेतरी जायला हवी, आणि ट्रॉलीला ब्रेक नसतील तर ती पिकअपच्या चार चाकांच्या ब्रेकवर जाते. युरोपात 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. दाजींची ट्रॉली 2,600 ची आणि ब्रेकच्या नावानं चाकाखाली लावायचा दगड.

‘डिझेल आहे, गियरमध्ये धरून ठेवतं’ हेही अर्धवट. पेट्रोल इंजिनात पाय काढला की हवेची झडप मिटते आणि इंजिन गाडीला ओढून धरतं. डिझेलमध्ये हवा अशी अडवली जात नाही, म्हणून तीच पकड कमी पडते. मोठ्या ट्रकांना एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवणारा) लावतात तो याचसाठी. तरीही खालच्या गियरशिवाय उतरणं नको. आणि न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांना सांगायचं तर आताच्या कॉमनरेल इंजिनात गियरमध्ये उतरताना डिझेल जातच नाही, न्यूट्रलमध्येच जातं.

मग किती ओढायचं? आधी गाडीच्या पुस्तकात ओढभाराचा किंवा जोडसंचाच्या एकूण वजनाचा आकडा बघा. नसेल तर कंपनीला लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तो शून्य धरा. असेल तरी त्यावर थांबू नका. पासिंगमध्ये उरलेलं वजन, मागचा एक्सल, टायर, हुक, ब्रेक, यांतला जो आकडा सगळ्यात लहान तोच तुमचा. ट्रॉली जोडण्याआधी दाजींच्या काट्यावर उरलेल्या 440 किलोंना (3,000 वजा 2,560) 15 टक्क्यांनी भागलं तर पासिंगच्या हिशेबानं ट्रॉली 2,900 पर्यंत दिसते. पण बिनब्रेकच्या ट्रॉलीला आणि वेल्डिंगच्या हुकला तो हिशेब लागूच होत नाही.

कायद्याचं एका दमात: ट्रेलर हेही मोटार वाहनच, त्याची नोंदणी हवी. नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली चालत नाही. जादा वजनाला कलम 194 खाली 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000.

दाजींनी ट्रॉली शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला दिली. आता बाकीचं सामान उतरवून हौद्यात हजार लिटरची टाकी ठेवून दोन खेपा करतात. मेसेज मात्र परवा त्यांच्याच नंबरवरून पुन्हा आला, खाली दोन अंगठे.