ठिगळ आहेच, पण कापड घरचंच

नमस्कार 'एक जुना वाचक',

स्पीलबर्गच्या 'द लॉस्ट वर्ल्ड' (1997) या डायनासोरपटावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू. तुमचं म्हणणं असं, की जहाजाचं नाव 'व्हेंचर' दिसलं म्हणून मी थेट 'किंग काँग'ला जाऊन पोचलो, उद्या डबेवाल्याच्या टोपीतही गांधीजी शोधीन. शिवाय तुमच्या मते, टी-रेक्स हा डायनासोर सॅन दिएगो शहरात शिरतो तो शेवट हे मुळातच ठिगळ आहे आणि ते लिहिणाऱ्यालाच टी-रेक्सपुढे टाकायला हवं होतं.

आधी माझी चूक. दाढीवाला, टोपीवाला डॉ. बर्क हे पात्र म्हणजे जीवाश्मतज्ज्ञ रॉबर्ट बाकर यांना 'श्रद्धांजली', असं मी लिहिलं होतं. 1997 साली बाकर चांगले धडधाकट होते. शब्द बदललाय. 'चिमटा' म्हणणं जास्त बरोबर, कारण सिनेमाचे सल्लागार होते दुसरे जीवाश्मतज्ज्ञ, जॅक हॉर्नर. टी-रेक्स मेलेली जनावरं खाणारा होता असं हॉर्नर म्हणायचे, तर तो शिकारीच होता असं बाकर. आणि सिनेमात धबधब्यामागे लपलेल्या बर्कच्या शर्टात साप शिरतो, तो घाबरून बाहेर पळतो आणि टी-रेक्सच्या तोंडी जातो! आता या वादात नक्की कोण जिंकलं, ते तुम्हीच ठरवा.

पण 'व्हेंचर'वरून मी मागे हटणार नाही. नाव एवढंच असतं तर तुमचं ऐकलंही असतं. मागची साखळी बघा. आर्थर कॉनन डॉयलची 'द लॉस्ट वर्ल्ड' ही कादंबरी 1912 ची. तिच्यात लंडनला आणलेला प्राणी असतो टेरोडॅक्टिल, म्हणजे उडणारा सरपटणारा प्राणी. 1925 च्या मूकपटात त्याच्या जागी ब्रोंटोसॉरस हा अख्खा अवाढव्य डायनासोर आला आणि त्याने लंडनच्या रस्त्यांवर धुमाकूळ घातला. त्या पटासाठी छोट्या प्रतिकृती किंचित किंचित हलवून, एकेक चौकट चित्रित करून प्राणी जिवंत करणारा माणूस विलिस ओब्रायन. आठ वर्षांनी त्यानेच 'किंग काँग'चा (1933) महाकाय वानर काँग हलवला, आणि तिथे बेटावर जाणाऱ्या जहाजाचं नाव होतं व्हेंचर. आता 1997 मध्ये स्पीलबर्ग सिनेमाला 'द लॉस्ट वर्ल्ड' हेच नाव ठेवतो, बेटावरचं जनावर बोटीने शहरात आणतो आणि त्या बोटीला व्हेंचर म्हणतो. एवढे योगायोग आमच्या लग्नाच्या पत्रिकेतही जुळले नव्हते.

शेवट ठिगळ आहे, हे मात्र शंभर टक्के मान्य. सिनेमा जिच्यावर बेतलाय त्या मायकल क्रायटनच्या 1995 च्या कादंबरीत टी-रेक्स शहरात येतच नाही. आधीच्या पटकथेचा शेवटही वेगळा होता, त्यात टेरॅनोडॉन उडत येऊन हल्ला करणार होते. चित्रीकरण तोंडावर आलं असताना स्पीलबर्गने तो बदलून सॅन दिएगो घातलं. बोटीवरच्या खलाशांना नक्की कुणी मारलं, सुकाणूच्या चाकाला धरलेला तो तुटका हात कुणाचा, टी-रेक्स तर खाली बंद होता; हे भोक कुठल्याही संदर्भाने बुजत नाही. माझं म्हणणं इतकंच, की घाईत ठिगळ लावतानाही त्याने कापड 1925 आणि 1933 च्या गाठोड्यातून काढलं.

दरीवर लोंबकळणारी गाडी 'सगळी कॉम्प्युटरची करामत' असल्याचं तुम्ही म्हणता, ते मात्र अजिबात नाही. युनिव्हर्सल स्टुडिओतल्या एका बहुमजली पार्किंगच्या इमारतीला बाहेरून कडा उभारून ती खरोखर टांगली होती. स्टॅन विन्स्टनच्या चमूने बनवलेले दोन यांत्रिक टी-रेक्स प्रत्येकी सुमारे 9 टनांचे. ते हलवणं इतकं जिकिरीचं होतं की ते जागच्या जागी ठेवून भोवतीचे सेट बदलले जात. त्याच गाडीत अभिनेत्री ज्युलियन मूरच्या अंगाखालची काच तडकत जाते तो प्रसंग मी आजही पाय वर घेऊन बघतो.

सॅन दिएगोच्या प्रसंगात दिसणाऱ्या व्हिडिओच्या दुकानातल्या खोट्या पोस्टरांवर (श्वार्झनेगरचा 'किंग लिअर' वगैरे) मी दोन परिच्छेद खर्च केले, ते जास्तच झाले. निव्वळ थट्टा आहे ती.

राहिली तुमची शेवटची सूचना. सॅन दिएगोच्या त्याच धावपळीत त्या दुकानाच्या दाराशी एकजण आत शिरायला धडपडतो आणि टी-रेक्स त्याला उचलून गिळतो. श्रेयनामावलीत त्या पात्राला नावही नाही, फक्त 'कमनशिबी' आणि जोडीला एक शिवी. ती भूमिका करणारा डेव्हिड केप. पटकथा त्याचीच.