लहान हाताला लहान पिस्तूल म्हणे!

आईने काल व्हिडिओ कॉलवर माझ्या गळ्याखालचा डाग बरोबर हेरला. "फोडणी उडाली का गं?" मी म्हटलं, हो. आता कोल्हापुरात बसलेल्या ७२ वर्षांच्या बाईला कसं सांगू, की फोडणी नव्हे, पिस्तुलाच्या नऊ एमएम गोळीची तापलेली रिकामी पुंगळी कुर्त्याच्या गळ्यातून आत गेली म्हणून? पुंगळी केव्हाच गार झाली. मी अजून झालेली नाही.

थोडं मागचं सांगते. मी ह्यूस्टनच्या बाहेर राहते, एका लॅबमध्ये रात्रपाळी करते, सुटते तेव्हा पार्किंगमध्ये चार गाड्या आणि एक लुकलुकणारा दिवा. पिस्तूल घ्यावं की नाही यावर आमच्या घरी दोन वर्षं वाद झाला. तो इथे उकरत नाही, मी जिंकले एवढं पुरे. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. तरी मी रीतसर वर्ग केला आणि परीक्षा देऊन परवाना काढला. परीक्षेत ५० गोळ्या असतात: ३ यार्डांवरून २०, ७ यार्डांवरून २०, १५ यार्डांवरून १०. २५० पैकी १७५ मिळाले की पास. मला २३८ पडले, सरांचं मोठं पिस्तूल हातात घेऊन. कॉलेजात एनसीसीला होते, पॉइंट टू-टू रायफल पोटावर झोपून चालवली आहे. आणि ज्या गावाने राही सरनोबत, तेजस्विनी सावंत यांच्यासारख्या नेमबाज दिल्या, त्या गावची आहे मी. त्यांच्या पायाच्या धुळीएवढीही माझी लायकी नाही, पण बंदुकीचं कुठलं टोक पुढे धरायचं हे मला कळतं.

हे सगळं सांगायचं कारण तो दुकानदार.

काउंटरवर जाऊन मी स्पष्ट सांगितलं, नऊ एमएम हवंय, मध्यम आकाराचं, हातात नीट भरेल असं. त्याने माझ्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे बघितलं. बांगड्यांच्या दुकानातला माणूस बघतो तसं. म्हणाला, "तुमचे हात लहान आहेत, मॅम. तुमच्यासाठी हे." आणि काचेखालून काढलं ते एवढंसं पिस्तूल. तीन इंचांची नळी, रिकामं वजन जेमतेम अर्धा किलो. दिसायला गोड, हे खोटं बोलणार नाही. "माझ्या बायकोकडेही हेच आहे." मी विचारलं, ती रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, चालवते का? तर म्हणे, "ती पर्समध्ये ठेवते." त्याच क्षणी मी उठायला हवं होतं. नाही उठले. पाच फूट एक इंचाच्या बाईला आयुष्यभर सगळे लहानच वस्तू देत आलेत, सवय झालीय.

त्यात फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक घेताना भरायचा सरकारी कागद. विकत घेणारी तुम्हीच ना, दुसऱ्यासाठी तर घेत नाही ना, असा प्रश्न त्यात असतो. माझ्या लायसन्सवर मधलं नाव नवऱ्याचं. आपल्याकडे असतंच. तर हा पठ्ठ्या फॉर्म उलटापालटा करून विचारतो, "हे पुरुषाचं नाव आहे ना? पिस्तूल नक्की कोणासाठी चाललंय?" नवरा तेव्हा बाहेर गाडीत बसून क्रिकेट बघत होता. वीस मिनिटं मी त्या माणसाला महाराष्ट्रातली नाव लिहायची पद्धत शिकवली. हात लहान हे त्याला एका नजरेत कळलं होतं, नाव कळायला वीस मिनिटं लागली.

आता शनिवार. रेंजवर गेले, गोळ्यांत पोलाद नाही ना हे बघायला त्यांना लोहचुंबक लावून झाला, लेन मिळाली, कागद लटकवला, सात यार्डांवर पाठवला. म्हणजे एकवीस फूट. आमच्या हॉलच्या दारापासून देवघरापर्यंतचं अंतर.

पहिली लढाई मॅगझिनशी, म्हणजे गोळ्या भरून मुठीत सरकवायच्या पेटीशी. दहा गोळ्या मावतात असं डबीवर लिहिलंय. सहा सुखाने जातात. सातवी आढेवेढे घेते. आठवीला अंगठ्याचं नख वाकतं. नववी आणि दहावी ज्या कोणी बसवल्या असतील त्याला माझा दंडवत. मी आठांवर थांबले. पूर्वी असल्या चपट्या पिस्तुलांत सहा-सात गोळ्या मावायच्या. २०१८ मध्ये सिग सावर कंपनीचं पी-३६५ पिस्तूल आलं, तेवढ्याच अंगात दहा घेऊन, आणि मग सगळ्यांनाच तसं करायची हौस आली. हौसेची किंमत माझा अंगठा मोजतोय.

मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायची. बाई गं! लोणच्याच्या बरणीचं मिठाने जाम झालेलं झाकण उघडताना जसं दात-ओठ खाता ना, तसं. घामट हातातून दोनदा निसटली. तिसऱ्यांदा ओढली ती कोपर बरगडीला लावून, अख्खं अंग वळवून. सरांच्या त्या मोठ्या पिस्तुलाची स्लाइड मी दोन बोटांत ओढायचे. तेव्हा वाटलं, आपल्यातच दम राहिला नाही, चाळिशी उलटली.

तर नाही! दोष माझ्या मनगटाचा नाही, हे मला नंतर घरी बसून वाचल्यावर कळलं आणि तिथूनच खरी आग मस्तकात गेली. पिस्तूल लहान केलं की स्लाइड हलकी होते आणि तिला मागे जायला जागाही कमी उरते. पण गोळी तीच, पूर्ण ताकदीची नऊ एमएम. ती हलकी स्लाइड थोड्या जागेत थोपवायची तर स्प्रिंग जास्त कडक लागते. म्हणजे जितकं लहान पिस्तूल, तितका ओढायला जास्त जोर. वजन कमी म्हणून धक्का सगळा तळव्यात. मूठ आखूड म्हणून करंगळी खाली अधांतरी. नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा जवळजवळ म्हणून हात केसभर हलला तर कागदावर वीतभर फरक. लहान सायकल शिकायला सोपी, लहान कढई उचलायला सोपी, आणि पिस्तुलाचं बरोबर उलटं. हे नवशिक्याला द्यायचं हत्यारच नव्हे. ही गोष्ट काउंटरमागच्या माणसाला माहीत नसेल? रोज विकतो तो. त्याला ठाऊक नसेल तर तो त्या खुर्चीत कशाला बसलाय, आणि ठाऊक असेल तर मग बोलायलाच नको.

पहिली गोळी. पत्र्याच्या खोलीत सुतळी बॉम्ब. कानावर मफ, आत फोमचे बोळे, तरी दात वाजले. नळी आखूड असल्यामुळे तोंडाशी जाळाचा गोळा. पिस्तूल हातातच उसळलं, अंगठ्याच्या बेचक्यात लवंगी मिरची चोळल्यासारखं झालं. कागदाकडे बघितलं तर भोक डावीकडे खाली, काळ्या आकृतीच्या बाहेर. दुसरी तिथेच. तिसरी आणखी खाली. पाचव्या गोळीपर्यंत माझा हात आवाजाच्या आधीच दचकायला लागला, हे मला स्वतःला दिसत होतं आणि थांबवता येत नव्हतं. मूठ दुखायला लागली की ढिली पडते, मूठ ढिली पडली की पिस्तूल नीट चालत नाही. नवव्या की दहाव्या गोळीला रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या जागीच अडकून उभी राहिली, चुलीच्या धुराड्यासारखी.

मधल्यामधे शेजारच्या लेनमधले आजोबा. बेसबॉल टोपी, पांढरी मिशी, आणि कोणीही न विचारता, "यू आर जर्किंग द ट्रिगर, यंग लेडी." उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी डावीकडे खाली गेली की चाप झटकला जातोय, बोटाच्या पहिल्या पेराची गादी लावा, हळू दाबा, वगैरे वगैरे. सगळ्यात संताप कशाचा आला सांगू? म्हातारा बरोबर बोलत होता. पण बरोबर बोलणाऱ्या माणसानेही समोरच्याची मॅगझिन तरी संपू द्यावी. मी हसून "थँक यू, सर" म्हटलं आणि नेमकी त्याच्याच लेनमधून उडालेली पुंगळी आडोशावर आपटून माझ्या गळ्यात पडली.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पिस्तूल हातात, भरलेलं, आणि छातीवर निखारा. नाचायचं नाही, वळायचं नाही, हात गळ्यात घालायचा नाही. नळी समोरच राहिली पाहिजे, बोट चापाबाहेर. मी पिस्तूल सावकाश खाली ठेवलं, एक पाऊल मागे आले आणि मग मराठीत जे काही बोलले ते सुदैवाने तिथे कोणाला कळलं नाही. चूक माझीही आहे, व्ही गळ्याचा कुर्ता घालून गेले. पण रेंजच्या नियमांच्या पाटीवर अठरा कलमं आहेत, "गळाबंद कपडे घाला" हे एक नाही.

आणखी एक गंमत. शेवटची गोळी उडाली की स्लाइड मागे उघडी राहायला हवी. माझी एकदाही राहिली नाही. मी आपली नेम धरतेय, श्वास रोखतेय, चाप दाबतेय, आणि टिक. परत भरायचं, परत टिक. मला वाटलं पिस्तूलच सदोष. शेवटी रेंजवरची सेफ्टी ऑफिसर, एक माझ्याच उंचीची बाई, मागे येऊन उभी राहिली. दोन मॅगझिन नुसती बघत होती. मग तिने माझा उजवा अंगठा चिमटीत धरून अर्धा इंच वर उचलला. बस. पिस्तूल इतकं लहान, की सरांनी शिकवलेल्या पद्धतीने पकडलं तर अंगठा नेमका स्लाइड मागे अडकवणाऱ्या खटक्यावर बसतो आणि तिला अडकूच देत नाही. अख्ख्या सकाळीत कोणी तरी माझ्या हाताकडे कामासाठी बघितलं ते तेवढंच.

तिनेच विचारलं, "हे तुम्हाला कोणी विकलं?" सांगितल्यावर नुसती हसली. म्हणाली, आठवड्याला चार-पाच जणी येतात अशाच अंगठा चोखत. आणि आत जाऊन भाड्याचं मोठं पिस्तूल घेऊन आली, साडेचार इंच नळीचं, पोलिसांकडे असतं तसं. तीच मी, तोच दुखरा हात, त्याच ११५ ग्रेन वजनाच्या गोळ्या, तोच सात यार्डांवरचा कागद. पहिल्या दहा गोळ्या एका पुरीत मावतील एवढ्या जागेत. डोळ्यात पाणी आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

दुपारी तशीच दुकानात गेले. म्हटलं, बदलून द्या, वरचे पैसे भरते. तर साहेब म्हणतात, एकदा नावावर झालं की ते वापरलेलं, परत नाही. विकायचं तर घेतो, आणि जो आकडा सांगितला तो मी दिलेल्याच्या निम्म्याच्या थोडा वर. सहा दिवसांत! भंगारवालासुद्धा पातेलं वाजवून तरी बघतो. वर सल्ला, "पाचशे गोळ्या मारा मॅम, सैल होईल." गोळी तीस सेंटला. म्हणजे दीडशे डॉलर आणखी जाळायचे, ते कशासाठी, तर ह्याने चुकीचं विकलेलं सैल व्हावं म्हणून. लग्नातल्या चपला आहेत का या?

बरं, सराव तरी करायचा कसा? हे पिस्तूल कपड्याखाली बाळगायचं, गरज पडली तर झटकन काढायचं, ह्यासाठीच जन्माला आलंय ना? आमच्या रेंजवर होल्स्टरमधून, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानातून, काढायला बंदी. सेकंदाला एकाहून जास्त गोळी मारायला बंदी. मग आता मी रात्री जेवणं झाली की रिकामं पिस्तूल तीनदा तपासून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, नेमाच्या पुढच्या खुणेवर नाणं ठेवते आणि भिंतीकडे चाप दाबते. नाणं पडलं की चूक. नवरा सोफ्यावरून मोजतो. "अगं, सतरावं पडलं." त्याला म्हटलं, तू ये आणि स्लाइड ओढून दाखव. आला. दुसऱ्या झटक्यात ओढली, आणि मग पाच मिनिटं मनगट चोळत होता, पण कबूल करेल तर शपथ.

आणि लहान पिस्तूल असतं कशासाठी, तर लपावं म्हणून! लपवू कुठे? होल्स्टर घ्यायला गेले तर सगळे दीड इंची जाड पट्ट्यासाठी बनवलेले, पुरुषांच्या. माझ्या पँटला पट्ट्याच्या कड्या आहेत त्या शोभेच्या, रिबिनीपुरत्या. लेगिंगला कडी नाही, खिसा नाही. कुर्त्याला खिसा असलाच तर त्यात फोन घातला तरी कुर्ता एका बाजूला ओघळतो. पर्समध्ये ठेवू नका असं वर्गात सरांनी बजावून सांगितलेलं: पर्स हिसकावली की पिस्तूलही गेलं, पोरांच्या हाताला लागतं ते वेगळंच.

सध्या ते कपाटातल्या तिजोरीत आहे, आईने दिलेल्या पाटल्यांच्या शेजारी. पाटल्या निदान संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तरी बाहेर निघतात.