ॲड्रिनलच्या त्या फोटोवरच्या कमेंटला उत्तर

नमस्कार. तुमची कमेंट तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला, तिसऱ्यांदा कळलं की एका मुद्द्यावर तुम्ही मला बरोब्बर पकडलंय, म्हणून उत्तर लांबतंय, सांभाळून घ्या.

ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. औषध दिलेल्या उंदरांच्या अवयवांच्या स्लाइड्स मायक्रोस्कोपखाली बघून आम्ही निष्कर्ष काढतो, पण स्लाइडवरचं टिश्यू (अवयवाचा पातळ काप) म्हणजे मेलेलं, फॉर्मॅलिनमध्ये मुरवलेलं, मेणात बुडवून कापलेलं आणि वरून रंगवलेलं, त्यामुळे दिसतं त्यातलं निम्मं आपणच तयार केलेलं असतं. उंदराची ग्रंथी म्हणजे माणसाची नव्हे. औषध कुणाला दिलंय हे आधीच माहीत असलं की बघणाऱ्याला हवं ते दिसतंच. आणि मागच्या लेखातल्या ॲड्रिनलच्या (मूत्रपिंडावरच्या, हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथीच्या) फोटोवर मी बाण मारून 'औषधाचा परिणाम' लिहिलं ते कशाच्या जोरावर, कंट्रोलचा (औषध न दिलेल्या प्राण्याचा) फोटो कुठाय?

फोटोपासूनच सुरू करू, कारण तिथे चूक माझीच आहे. तो फोटो मी जुन्या फोल्डरमधून उचलला आणि त्याच्यावरचं जुनं नावही तसंच राहू दिलं. त्या फोल्डरची गोष्ट अशी की शिकत असताना मी एकदा उत्साहाच्या भरात हाय डोसच्या, म्हणजे जास्त औषध दिलेल्या प्राण्यांच्या, स्लाइड्स आधी लावून बसले (कंट्रोल आधी बघायचे असतात हे पाठ होतं, पण धीर कुणाला). मेड्युलाला (ग्रंथीच्या गाभ्याला) लागून, कॉर्टेक्सच्या (बाहेरच्या भागाच्या) अगदी आतल्या कडेला, पेशींचा एक पट्टा फुगलेला, साबणाच्या फेसासारखा, आणि तो एकीत नाही तर सगळ्याच माद्यांत! रिपोर्टचं वाक्यसुद्धा लिहून ठेवलं. सरांना दाखवायला गेले तर त्यांनी आयपीसला डोळासुद्धा लावला नाही, नुसतं विचारलं, "माउसच ना? नर की मादी? पिल्लं झालीयेत का?" म्हटलं मादी, पिल्लं नाहीत. "मग जा, कंट्रोलच्या माद्या बघ." गेले, बघितल्या, तिथेही तस्साच पट्टा.

त्याला एक्स-झोन म्हणतात. माउसच्या (छोट्या उंदराच्या) ॲड्रिनलमध्येच असतो, रॅटमध्ये (मोठ्या जातीच्या उंदरात) नसतो. नरात साधारण पाच आठवड्यांच्या वयात, तारुण्यात येताना निघून जातो, मादीत पहिल्या गर्भारपणात जातो, आणि जिला पिल्लंच झाली नाहीत तिच्यात हळूहळू झिजतो, बऱ्याचदा चरबीचे थेंब भरून. म्हणजे मी ज्याला विषबाधा म्हणत होते ते त्या मादीचं रोजचं आयुष्य होतं. चूक त्याच दिवशी कळली पण फाइलचं नाव बदललं नाही, आणि इतक्या वर्षांनी तीच फाइल तुमच्यासमोर आली. कमाल आहे माझी.

आता 'निम्मं आपणच तयार केलेलं' याबद्दल. खरंय, पण त्यातून काही कळत नाही हे खरं नाही. ॲड्रिनलच्या फॅसिक्युलाटा थरातल्या पेशी पॅराफिन सेक्शनमध्ये (मेणातल्या कापात) पोकळ दिसतात कारण अल्कोहोल आणि झायलीन चरबी धुऊन नेतात. ती भोकं प्रोसेसिंगने पाडलेली आहेत, मान्य, पण तिथे चरबी होती म्हणूनच भोक पडलं ना. खात्री करायची तर फ्रोझन सेक्शन (गोठवलेला काप) कापून ऑइल रेड ओ हा चरबीचा रंग लावायचा, तेच थेंब लालभडक दिसतात. आणि ती चरबी म्हणजे स्टेरॉइड हार्मोनचा कच्चा माल, त्यामुळे भोकं किती आणि केवढी यावरून ग्रंथी साठवतेय की उपसतेय याचा अंदाज येतो.

मला खरी भीती वेगळ्या आर्टिफॅक्टची (तयारीत झालेल्या खोट्या बदलाची) वाटते, ज्याचा तुम्ही उल्लेखच केला नाही. समजा कंट्रोलचे प्राणी सकाळी उघडले आणि अवयव लगेच फॉर्मॅलिनमध्ये गेले, आणि हाय डोसची पाळी येईपर्यंत उशीर झाला, ट्रे तसाच पडून राहिला. पॅनक्रियाज (स्वादुपिंड) तर स्वतःच्याच एन्झाइम्सनी स्वतःला पचवायला लागतो, मग संध्याकाळच्या स्लाइड्स सकाळच्यांपेक्षा वाईट दिसणार आणि दोष औषधाला जाणार. कोलॉइड (थायरॉइडच्या पोकळ्यांतला चिकट द्रव) आकसणं, सुरीचे ओरखडे हे सगळ्या ग्रुपमध्ये सारखंच असेल तर चालून जातं, फक्त एकाच ग्रुपला झालं तर घात. म्हणून प्राणी ग्रुपवार न घेता मिसळून घेतात.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे तर आम्हाला रोज सांभाळावं लागतं. रॅटच्या रक्तात थायरॉक्सिनचं (थायरॉइडच्या हार्मोनचं) हाफ-लाइफ, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, जेमतेम 12 ते 24 तास, माणसात 5 ते 9 दिवस, शिवाय माणसात ते धरून ठेवणारं जे मुख्य प्रोटीन असतं ते पूर्ण वाढ झालेल्या रॅटमध्ये जवळपास नसतंच. त्यामुळे त्याची थायरॉइड कायम धावत असते. फिनोबार्बिटालसारखं औषध लिव्हरचे एन्झाइम वाढवतं, थायरॉक्सिन लवकर बाहेर जातं, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) वाढतं, फॉलिकलच्या (थायरॉइडमधल्या बारीक पिशव्यांच्या) पेशी उंच होतात आणि दीर्घकाळ चाललं तर गाठीसुद्धा होतात. हा मार्ग माणसाला तसाच लागू होत नाही असंच मानतात. पण ते ठरवता येतं कारण कुणीतरी त्या पेशी बघितल्या आणि कारण शोधत बसलं.

उलटंही होतं हं. नर माउसच्या खालच्या जबड्याजवळच्या लाळग्रंथीत दाणेदार नलिका मादीपेक्षा खूप मोठ्या असतात, टेस्टोस्टेरॉनमुळे. बायोकेमिस्ट स्टॅन्ली कोहेन यांनी या ग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला तर त्यांचे डोळे वेळेच्या कितीतरी आधी उघडले. त्यातून एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढायला लावणारं प्रोटीन) सापडला, 1962 मध्ये पेपर आला आणि 1986 मध्ये रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्याच फॅक्टरचा रिसेप्टर (पेशीवरची त्याला पकडणारी जागा) आज माणसांच्या कॅन्सरवरच्या काही औषधांचं टार्गेट आहे. उंदराच्या लाळग्रंथीचं विचित्रपण निरुपयोगी म्हणून सोडून दिलं असतं तर?

माहीत असल्यामुळे हवं ते दिसतं, यावर वाद नाही घालत, माझंच उदाहरण वर आहे. पहिलं वाचन लेबलं न झाकताच करतात, नाहीतर नॉर्मल कुठे संपतं ते कळत नाही, पण बारीक फरकावर शंका आली की लेबलं झाकून, क्रम बदलून त्याच स्लाइड्स परत वाचायच्या. कंटाळवाणं काम आहे. टाळलं जातं, तेही मान्य.

तो फोटो आज काढून टाकलाय. त्याजागी दोन शेजारी-शेजारी लावलेत, कंट्रोल आणि डोस, खाली प्राण्याची जात, नर-मादी, वय आणि पिल्लं झाली होती की नाही हे लिहिलंय. मला त्या दोघांत काहीच फरक दिसत नाही, तुम्हाला दिसला तर सांगा.